फ्लॉवरच्या नावाखाली

आमच्याकडे, अमेरिकेच्या उत्तरेला, तीनच गोष्टी पिकतात. गहू, बटाटा आणि साखरेचं बीट. माझा नवरा कर्टिस दर ऑक्टोबरात बिटाचा ट्रक चालवतो, आणि चर्चमधल्या निम्म्या घरांचे पगार साखर कारखान्यातून येतात. तरी त्या वर्षांत गावात कुणी ब्रेड खात नव्हतं, बटाट्याला हात लावत नव्हतं, आणि साखरेचं तर नावच काढायचं नाही. ज्याच्यावर घर चालतं ते ताटात आलं की लोक असं तोंड करायचे, जणू कुणी उंदीर वाढलाय.

हे सगळं माझ्या नणंदेनं, जॅनेलनं, सुरू केलं असं काही जण म्हणतात. ते खरं नाही. ते टीव्हीवर होतं, फोनवर होतं, दुकानात 'कार्ब कमी' असं लिहिलेल्या दुप्पट किमतीच्या पाकिटांवर होतं. जॅनेलनं त्याला फक्त मंगळवार दिला आणि चर्चचं तळघर दिलं.

जॅनेल शाळेच्या ऑफिसात होती. रक्तातली साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी तिला घाबरवलं, तेव्हा तिनं ब्रेड, बटाटा, पास्ता, केक सगळं एका दिवसात सोडलं. वर्षभरात निम्मी झाली. गोळी सुटली. मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यात काही खोटं नव्हतं. लोक विचारायला लागले, काय केलंस, कसं केलंस. आधी दुकानात थांबवून विचारायचे, मग घरी यायला लागले, मग तिनं वर्ग सुरू केला.

तळघरात कोट अडकवायच्या दांडीमागे वजनाचा काटा ठेवलेला असे. एकेकीनं मागे जायचं, बाहेर यायचं, आणि कमी झालं असेल तर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचंच कमी व्हायचं. ते अंगातलं पाणी असतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पण टाळ्या खऱ्या असायच्या. पुढे उन्हाळा यायचा, कुणाचं तरी लग्न यायचं, वजन गुपचूप परत यायचं. वर्गात बसलेल्या सगळ्या बायका मात्र नेहमी बारीकच होत चाललेल्या दिसायच्या, कारण ज्या पुन्हा जाड व्हायच्या त्या यायच्याच बंद व्हायच्या. मीही दोनदा बंद झाले होते.

न चुकता येणारी एकच बाई होती. माझ्या सासूबाई, ऑर्फा.

ऑर्फाचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या सासूनं भर जेवणात सांगितलं होतं, "पोरगी दणकट आहे हो. ट्रॅक्टर बिघडला तरी आता चिंता नाही." लोक हसले. ऑर्फाही हसल्या. आणि मग साठ वर्षं त्या उपाशी राहिल्या. कर्टिस आणि जॅनेल लहान असताना त्या नुसती ग्रेपफ्रूटं खायच्या. नंतर कोबीचं पाणी झालं. मी सून म्हणून आले तेव्हा बिनचरबीच्या बिस्किटांचे दिवस होते, डबेच्या डबे यायचे. तेव्हा लोणी म्हणजे विष होतं आणि ब्रेड पुण्यवान. नंतर ब्रेड विष झाला आणि लोणी पुण्यवान. ऑर्फानं प्रत्येक वेळी सगळं मनापासून पाळलं, आणि प्रत्येक वेळी त्या होत्या तशाच राहिल्या.

जॅनेलच्या वर्गात मात्र वजन उतरलं. वयाची ऐंशी जवळ आलेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा काट्यामागून बाहेर आल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. जॅनेलनं त्यांच्या स्वेटरला निळी फीत टोचली. रविवारी त्या ती फीत लावूनच चर्चला आल्या. माझ्या लग्नातही मी त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं.

मग दोन हिवाळ्यांनंतर त्या दारातल्या बर्फावर पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तपासणीत हृदयही कमजोर निघालं आणि घरी एकटं राहणं संपलं. गावाच्या टोकाला वृद्धाश्रम आहे, तिथे खिडकीजवळची खोली मिळाली.

नोव्हेंबरात मी आणि जॅनेल त्यांना भेटायला गेलो. ऑर्फा खुर्चीत बसल्या होत्या, अंगात तो जुना हिरवा ड्रेस, जो चेन लागत नाही म्हणून वीस वर्षं कपाटात लटकत होता.

"बघ," त्या म्हणाल्या. "चेन लागली. वरपर्यंत."

"आई, काय झकास दिसतेस!" जॅनेल म्हणाली. ती अगदी मनापासून म्हणाली. सवयच होती ती जिभेची.

मारिसोल दारात उभी होती. ती तिथली नर्स. तिचे आजी-आजोबा टेक्सासहून बीट खुरपायला यायचे ते इथेच राहिले; मारिसोल माझ्या मुलाच्या वर्गात होती. तिनं आम्हाला बाहेर बोलावलं.

"झकास काय म्हणताय?" ती हळू आवाजात म्हणाली. "आंघोळ घालताना एकेक हाड मोजता येतं. ताटातला ब्रेड बाजूला, बटाटा बाजूला, भात बाजूला, पुडिंग बाजूला. मटणाचे दोन घास, तेही चावले तर. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, मागतील ते द्या. पण मागतंय कोण?"

"हृदयाचं काय म्हणाले?" मी विचारलं.

"दमलंय म्हणाले. आता जे अंगावर आहे ते टिकवायचं, उतरवायचं नाही. उतरलं तर आधी ताकदच जाते." मग तिनं जॅनेलकडे पाहिलं. "तुझं ऐकतील त्या. दिवसभर तुझंच नाव असतं. 'माझी मुलगी वर्ग घेते, तिला विचारा.'"

जॅनेल आत गेली. तिनं आईसमोर स्टूल ओढलं.

"आई, आजपासून तू ब्रेड खायचा."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतेय."

"तू?" ऑर्फा हसल्या. "ब्रेड म्हणजे साखरेनं घातलेला पांढरा कोट, असं कोण म्हणालं होतं?"

"मीच म्हणाले होते. पण ते तुझ्यासाठी नव्हतं."

"मी पहिल्या रांगेत बसले होते, जॅनेल."

ऑर्फानं तिचा हात थोपटला. "तू दमलीयेस, म्हणून असं काहीतरी बोलतेस. मंगळवारी बोलतेस तेच खरं."

त्यानंतर महिनाभर आम्ही काय काय नाही केलं. मी चिकन सूपमध्ये शेवया घालून नेल्या. ऑर्फा सूप प्यायल्या आणि शेवया त्यांनी वाडग्याच्या कडेला एकाशेजारी एक लावून ठेवल्या. डॉक्टरांनी स्वतः येऊन सांगितलं. त्यांना ऑर्फा म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचंच पोट किती सुटलंय. मंगळवारी या." कर्टिसनं दुकानातून दालचिनीचे गोड रोल आणले, आईसमोर बसून स्वतः दोन खाल्ले, म्हटलं बघून तरी इच्छा होईल. ऑर्फानं त्याच्याकडे एवढ्या कीवेनं पाहिलं की तिसरा त्यानं परत डब्यात ठेवला.

आणि भेटायला येणारे! बँकेतली डार्लीन आली. डार्लीन वर्गातली सगळ्यात जुनी, तोंडानं जरा फटकळ, पण मनानं वाईट नाही. खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या ओरडली, "ऑर्फा! काय कंबर कमावलीय! मला हेवा वाटतोय हो." ऑर्फा त्या दिवशी चहाशिवाय काहीच घेईनात. मी डार्लीनला पार्किंगमध्ये गाठून सांगितलं, अगं त्या आजारी आहेत. ती चकित झाली. "आजारी? पण किती छान दिसतात!"

तिला बोलून काय उपयोग? आम्ही सगळेच तेच बघायला शिकलो होतो.

नाताळ जवळ आला. माझ्याकडे दर वर्षी लेफ्सा होतात. आम्हा नॉर्वेकडच्या लोकांची ती बटाट्याची पातळ पोळी. बटाटे उकडून किसायचे, लोणी-साय घालून मळायचे, पिठी लावून कागदासारखं लाटायचं, आणि लांब काठीनं तव्यावर उलटायचं. हे काम ऑर्फांनी मला शिकवलं होतं. त्या वर्षी जॅनेल आपणहून आली. सात वर्षांत तिनं पिठाला हात लावला नव्हता. तिनं बाह्या वर केल्या आणि लाटायला लागली. हात विसरला नव्हता. मीच काठी घेऊन तव्यापाशी उभी होते.

"मी आईला नेऊन देते," ती म्हणाली. "खाल्ल्या तर खाल्ल्या."

लोणी आणि साखर लावून गुंडाळलेल्या चार पोळ्या फडक्यात घेऊन आम्ही गेलो. अजून गरम होत्या. खोलीभर वास पसरला. ऑर्फांच्या नाकपुड्या हललेल्या मी पाहिल्या.

"कशाच्या आहेत?" त्यांनी विचारलं.

जॅनेलनं तोंड उघडलं, पण त्याआधीच मी बोलून गेले. "फ्लॉवरच्या."

तेव्हा सगळ्याच गोष्टी फ्लॉवरच्या असायच्या. फ्लॉवरचा भात, फ्लॉवरचा पिझ्झा, फ्लॉवरचा बटाटा. त्यामुळे शंका येण्यासारखं काही नव्हतं.

"आणि साखर?"

"ती वर्गात सांगतात ती. साखर नसलेली."

जॅनेल खिडकीकडे बघायला लागली. ऑर्फानं एक पोळी उचलली, कोपरा चावला. बराच वेळ चघळलं. मग दुसरा घास. मग आख्खी संपली. बोटं पुसत त्या म्हणाल्या, "फ्लॉवर ते फ्लॉवर. बटाट्याची सर कुठून येणार त्याला? चव नाही, काही नाही. लाटल्यात पण जाड." आणि दुसरीकडे हात नेला. "खाते. एवढे कष्ट घेतलेत तुम्ही."

बाहेर आल्यावर जॅनेल भिंतीला टेकली. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती, आणि हसता हसता पोटाला धरून खाली बसली. "जाड लाटल्यात म्हणे!"

मारिसोलला आम्ही सांगितलं. तिनं स्वयंपाकघरात सांगितलं. मग कुस्करलेला बटाटा 'फ्लॉवर' म्हणून जायला लागला, दूधभात 'फ्लॉवरचा' म्हणून, पावाच्या कडा कापून 'बदामाचा पाव' म्हणून. ऑर्फा प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायच्या आणि बशी पुसून घ्यायच्या. "पूर्वी काय दूधभात व्हायचा," त्या म्हणायच्या, "आता कुठे तो." पंधरा-वीस दिवसांत आवाजाला जरा धार आली. एकदा कर्टिसला दाढी केली नाही म्हणून रागावल्या. तो घरी येऊन म्हणाला, "आई परत आली."

जॅनेल मात्र रोज थोडी थोडी वाळत होती. दुपारी आईला बटाटा फ्लॉवर म्हणून भरवायची आणि मंगळवारी तळघरात उभं राहून बटाट्याविरुद्ध बोलायची. मी तिला म्हटलं, वर्ग काही दिवस बंद ठेव. "आणि काय सांगू?" ती म्हणाली. "माझ्यासाठी खरं आहे गं ते. माझी साखर खरंच उतरली. मी खोटं कुठे बोलले?"

"बोलली नाहीस."

"मग हे असं का झालं?"

मी कॉफी ओतली.

जानेवारीत एका शनिवारी मारिसोलची सुट्टी होती. बदली नर्स नवीन, शेजारच्या गावची, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं ऑर्फांचं वजन केलं आणि आनंदानं टाळी वाजवली. "वा, ऑर्फा! चक्क चार पौंड वाढलं!"

आम्ही रविवारी गेलो तेव्हा ऑर्फा भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. नाश्ता तसाच. जेवण तसंच.

"मी काही चोरून खाल्लं नाही," त्या भिंतीलाच म्हणाल्या. "जॅनेल, देवाशपथ. तुम्ही दिलंत तेवढंच खाल्लं. फ्लॉवरनं कुणाचं वजन वाढतं का?"

जॅनेल पलंगाच्या कडेला बसली. मी तिला मानेनं नको नको म्हणत होते. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"आई, तो फ्लॉवर नव्हता. बटाटा होता. पोळ्या बटाट्याच्या होत्या. दूधभात तांदळाचाच होता. पाव पण गव्हाचाच. सगळं आम्ही मुद्दाम केलं. तू खात नव्हतीस."

ऑर्फांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग हळूहळू या कुशीवर वळल्या. मला वाटलं आता आमचं काही खरं नाही.

"पोळ्या कुणी लाटल्या होत्या?"

"मी," जॅनेल म्हणाली.

"मग तेव्हाच सांगायचंस ना," ऑर्फा म्हणाल्या. "चांगल्या झाल्यात म्हटलं असतं."

जॅनेलनं त्यांच्या पांघरुणावर डोकं टेकलं. ऑर्फानं तिच्या केसांवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू गं, लुअ‍ॅन. किती सहज खोटं बोलतेस! कर्टिसशी पण असंच बोलतेस का?"

"गरज पडली तर," मी म्हटलं.

"बरं करतेस."

त्यानंतर त्या जेवू लागल्या असं मला सांगायला आवडलं असतं. कधी जेवल्या, कधी नाही. एखाद्या दिवशी अर्धा पाव लोणी लावून खायच्या, दुसऱ्या दिवशी त्याच पावाला घाबरायच्या. एकदा घास तोंडापाशी नेऊन त्यांनी मला विचारलं, "मी जाड होईन का गं?" मी नाही म्हटलं. त्यांनी घास खाली ठेवला. साठ वर्षं अंगात मुरलेलं ते, एका खऱ्या-खोट्यानं कसं निघणार? फेब्रुवारीच्या शेवटी झोपेतच गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलंच होतं, ब्रेड खाल्ला असता तरी फार तर थोडे महिने. ते धीर द्यायला म्हणाले. जॅनेलनं विचारलं, "थोडे म्हणजे किती?" त्यांनी खांदे उडवले.

अंत्यविधीचं जेवण चर्चच्या तळघरातच झालं. आमच्याकडे ते ठरलेलं असतं. हॅम घातलेले पाव, साय घालून भट्टीत भाजलेले बटाटे, चौकोनी गोड वड्या, कॉफी. पंगत उठल्यावर मी बशा गोळा करायला गेले तर टेबलांवर पावच पाव. लोकांनी आतलं हॅम तेवढं काढून खाल्लं होतं. कर्टिसनं ते सगळे पाव एका पोत्यात भरले आणि डुकरांसाठी धाकट्या चुलत भावाकडे पाठवले. त्याला बोलायला काही सुचत नाही तेव्हा तो आवरत सुटतो.

मार्चच्या मध्यात वर्ग परत सुरू झाला. मीही गेले, जॅनेलला एकटीला सोडवेना म्हणून. त्या दिवशी डार्लीन तिच्या आईला घेऊन आली होती. म्हातारी ब्याऐंशी वर्षांची, मनगटं काडीसारखी, कोटाच्या आत कुठेतरी होती ती.

"हिलाही नाव घालायचंय," डार्लीन म्हणाली. "ऑर्फाला किती फरक पडला होता ते हिनं पाहिलंय. पोटाजवळ जरा सुटलंय म्हणते."

म्हातारी लाजून हसली आणि कोट काढत काट्याकडे निघाली. जॅनेल तिच्या आडवी आली. तिनं म्हातारीच्या हातातून कोट घेतला आणि पुन्हा तिच्या अंगावर चढवला, बटणं लावली, एकेक करून, लहान मुलाची लावतात तशी.

"तुम्ही घरी जा," ती म्हणाली. "घरी जा आणि पोटभर जेवा. ब्रेड खा, बटाटे खा. जे आवडेल ते खा."

डार्लीन पुढे आली.

"माझ्या आईला तू हाकलून देतेस?" डार्लीनचा आवाज चढला. "सात वर्षं मी तुझ्या वर्गाला येतेय!"

"हाकलत नाहीये. तिला या वयात हे नको."

"मग इतके दिवस कुणाला हवं होतं? तुझ्या आईला चालत होतं ना?"

"तिलाही नको होतं," जॅनेल म्हणाली. "मला कळायला हवं होतं. आणि तुमच्यापैकी किती जणींना खरंच हवंय ते मला माहीत नाही. मला हवं होतं. माझी साखर वाढली होती. तुमची डॉक्टरांनी तपासलीय का कुणाची? मी कधी विचारलंच नाही. वजन कमी झालं की टाळ्या वाजवल्या, बस."

कुणीतरी मागून म्हणालं, आई गेल्याचं दुःख आहे, जाऊ दे. जॅनेलनं ते ऐकलं. "हो, दुःख आहेच," ती म्हणाली. "म्हणून काही मी खोटं बोलत नाहीये."

डार्लीन आईला दंडाला धरून जिन्यावरून घेऊन गेली. मागोमाग आणखी चार-पाच जणी उठल्या. पुढच्याच आठवड्यात डार्लीननं बँकेच्या मागच्या खोलीत स्वतःचा वर्ग काढला. तिथे एक पावडर विकतात आणि म्हणे पहिल्या आठवड्यातच सात पौंड उतरतात. गर्दी असते. हल्ली वजन उतरवायच्या इंजेक्शनचीही चौकशी चालू आहे. जॅनेलबद्दल लोक वाईट बोलत नाहीत, तेवढे आम्ही चांगले आहोत. बिचारी, म्हणतात.

ती स्वतः अजूनही ब्रेड खात नाही. तिला तो खरंच सोसत नाही. मी खाते. आम्ही दोघी एकाच टेबलावर बसतो आणि कुणी कुणाच्या बशीत बघत नाही, एवढंच आम्हाला जमलं.

त्या मंगळवारी मात्र उरलेल्या बायका गेल्यावर आम्ही खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या, दिवे घालवले आणि वर आलो. बाहेर बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता. जॅनेलनं गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली.

"तू चालव," ती म्हणाली.

"का गं?"

"मला बसायचंय फक्त."

मी गाडी काढली. ओल्या काळ्या शेतांमधून रस्ता सरळ जातो, वळण म्हणून नाही. पहिल्या फाट्यापर्यंत पोचलो तेव्हा मी काहीतरी बोलायला तिच्याकडे वळले. ती तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. मी रेडिओ बंद केला आणि गाडी जरा हळू घेतली.